बालगृहातून बाहेर पडणाऱ्या दोन मुलींसाठी ६०,००० रुपये: कसे द्यावेत? (इंदूर)

रामबागकर: आमच्या मंडळाने गणेशोत्सवाच्या वर्गणीतून ६०,००० बाजूला काढलेत. इथल्या एका बालगृहातल्या दोन मुलींना मार्चमध्ये १८ पूर्ण होतील. एकीला नर्सिंग करायचंय, दुसरीला नोकरी. समारंभात प्रत्येकीला ३०,००० रोख द्यावेत, असं काहींचं म्हणणं आहे. योग्य होईल?

ओटीवरून: रोख नको आणि समारंभही नको. १८च्या आत ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. नंतरही चेक हातात धरून फोटो कशाला?

आधी कागद बघा. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवासी ओळख क्रमांक), तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख तंतोतंत जुळायला हवी. चूक असेल तर बालगृहात असतानाच दुरुस्त करून घ्या. आज अधीक्षिकांचं प्रमाणपत्र हाताशी आहे. उद्या भाड्याच्या खोलीत पत्त्याचा पुरावा गोळा करताना जीव मेटाकुटीला येतो. अज्ञान खात्याचंही, म्हणजे १८च्या आत उघडलेल्या बँक खात्याचंही तेच. १८ झाले की नवी सही आणि केवायसी होईपर्यंत बँक व्यवहार थांबवते, आणि सरकारी मदत त्याच खात्यात यायची असते.

जुनी_इंदूरकर: सरकारी बाजू सांगते. त्याच कायद्याचं कलम ४६ आणि २०१६चे नियम यांनुसार पश्चात देखभाल, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरची मदत, २१व्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून २३पर्यंत मिळू शकते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० आहेत. आपल्या राज्याच्या मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजनेत इंटर्नशिपच्या काळात ५,०००. दोन्ही एकदम मिळतील असं धरून चालू नका. चौकशी महिला व बाल विकासच्या जिल्हा कार्यालयात करा. गाडी बहुतेकदा अडते ती वैयक्तिक देखभाल योजनेपाशी, म्हणजे त्या एका मुलीसाठी पुढचा आराखडा लिहायचा फॉर्म, नमुना ७. त्यात नुसतं ‘पुनर्वसन’ लिहिलेलं असतं. कोर्स कोणता, राहणार कुठे, हे वाढदिवसाआधी बालगृहाकडून लिहून घ्या आणि बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) ठेवा.

मंजुरी होऊन पहिला हप्ता येईपर्यंत मधले महिने कोरडे जातात. तुमचे पैसे तिथे लावा. २०,००० खोलीची डिपॉझिट आणि सामानासाठी: गादी, ३ लिटरचा कुकर, तवा, दोन डबे, बादली. गॅससाठी ५ किलोचा छोटू सिलिंडर घ्या, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. डिपॉझिट घरमालकाला परस्पर द्या, पण करारात ‘परतावा मुलीला’ असं लिहून घ्या. उरलेल्या ४०,०००मधून दोघींच्या खात्यात दरमहा प्रत्येकी ४,००० टाकले तर पाच महिने निघतात.

रामबागकर: नर्सिंगवालीला वसतिगृह मिळणार आहे. मग तिला खोली कशाला?

जुनी_इंदूरकर: दिवाळीला वसतिगृह रिकामं होतं, सगळ्या घरी जातात. ही कुठे जाईल? म्हणून खोली एकच घ्या, पण करारात दोघींची नावं घाला.

ओटीवरून: आणि खोली बघायला मुलींना एकटं पाठवू नका. ‘वडील काय करतात?’ इथेच बोलणं तुटतं. मंडळातल्या एखाद्या काका-काकूंनी सोबत जावं, साक्षीदार म्हणून सही करावी, आणि पोलिसांकडचा भाडेकरू पडताळणीचा फॉर्म त्याच दिवशी भरून टाकावा.