कोकम सरबताचं लेबल: स्क्रीनवर लालजांभळं, छापून विटकरी, आणि ‘खऱ्या’चं ‘खर्या’

कुडाळची_रेघ

नमस्कार मंडळी. दोघांचा छोटा डिझाइन स्टुडिओ आहे, काम बहुतेक कोरलड्रॉवर आणि थोडं इलस्ट्रेटरवर. ७०० मिलीच्या काचेच्या बाटलीसाठी कोकम सरबताचं लेबल चालू आहे. बाटलीचा व्यास ७६ मिमी, लेबल ८० × ११० मिमी, नग १०००, क्रोमो (एका बाजूने गुळगुळीत कागदाचं) स्टिकर, वरून मॅट लॅमिनेशन. डिजिटल प्रेसवर एक नमुना काढला, तर पार्श्वभूमीचा कोकमी रंग विटेसारखा आला. ‘खऱ्या रातांब्यांचं कोकम सरबत’ या ओळीत ‘खऱ्या’ तुटलं आणि रफार वर गेला. बाटली फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवली तर लेबलच्या कडा उचलल्या गेल्या. मालकांना आता त्यावर जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं, चिन्हही हवं आहे. माल आमसुलांच्या हंगामानंतर लगेच, म्हणजे पावसाच्या तोंडावर बाजारात जाणार. कुठून सुरुवात करू?

शाईवाला (रत्नागिरी)

रंगाचं आधी बघू. फोटोतून रंग उचलला असणार, आरजीबी (स्क्रीनचे लाल, हिरवा, निळा) साधारण ११०, १५, ४० च्या आसपास. तो सीएमवायकेत (छपाईच्या निळा, किरमिजी, पिवळा, काळा या शायांत, आकडे टक्क्यांत) आपोआप बदलला की पिवळा ६५-७५ पर्यंत जातो आणि निळा २५-३० घुसतो. किरमिजी, पिवळा, निळा असे तिन्ही रंग एकत्र आले की रंग मळतो, त्यातून विटकरी तपकिरी तयार होतो. कोकमाला निळ्याची जवळजवळ गरज नाही, गडदपणा काळ्याकडून घ्या. सुरुवात निळा १०, किरमिजी १००, पिवळा ३५, काळा ३५ यापासून करा.

मग एका पानावर २० मिमीचे चौकोन काढा: पिवळा २०, ३५, ५० आणि काळा २५, ३५, ४५, म्हणजे एकूण नऊ. हे पान त्याच स्टिकरवर, त्याच लॅमिनेशनसह छापून घ्या. मॅट लॅमिनेशन गडद रंगावर धुरकट थर चढवल्यासारखं दिसतं, त्यामुळे लॅमिनेशनआधीचा नमुना बघून ठरवलेला रंग नंतर फिका वाटणार. चौकोन दिवसाच्या उजेडात, भरलेल्या बाटलीशेजारी धरून बघा. दुकानातल्या ट्यूबखाली निवडलेला कोकमी रंग बाहेर हमखास फसवतो.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. सरबताचा रंग अँथोसायनिन या फळातल्या नैसर्गिक रंगद्रव्याचा असतो आणि तो उजेडाने व उष्णतेने हळूहळू तपकिरीकडे झुकतो. आजच्या ताज्या सरबताशी तंतोतंत जुळवलेलं लेबल चार महिन्यांनी बाटलीपेक्षा जास्त भडक दिसेल. म्हणून रंग सरबताशी जुळवू नका, ओल्या आमसुलाशी जुळवा. तो थोडा खोल असतो आणि दोन्ही वेळी शोभतो.

मुंबई-गोवा महामार्गावरच्या टपऱ्यांत बाटल्या उन्हात उभ्या असतात. उन्हाने किरमिजी आणि पिवळी शाई आधी उडते, काळी टिकते. नाव, वजन, तारीख, किंमत हा सगळा मजकूर फक्त काळ्या १०० मध्ये ठेवा, चार रंगांच्या मिश्रणात नको. चार रंगांतलं बारीक अक्षर जरासं रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) सरकलं तरी दुहेरी दिसतं. हा मजकूर कोकमी पार्श्वभूमीवरही नको, त्याला फिकट पट्टी द्या.

वळणवेल

‘खऱ्या’ तुटण्याचं कारण टायपिंग असेल किंवा फाँट असेल, दोन्ही तपासा. ‘ऱ्य’ मध्ये साधा र नसतो, ऱ असतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे म्हणजे ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग य. साधा र टाइप केला तर रफार येणारच, त्यात सॉफ्टवेअरची चूक नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत समुद्र आणि डोंगराएवढा फरक आहे, तेव्हा हे लेबलवर चालवून घेऊ नका. बरोबर टाइप करूनही तुटत असेल तर इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्समध्ये टाइपखाली ‘शो इंडिक ऑप्शन्स’ चालू करा आणि पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर (मेन्यूत ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ नावाने असू शकतो) निवडा. कोरलड्रॉ असेल तर एक्स ६ किंवा पुढची आवृत्ती लागते. त्याआधीच्या आवृत्त्यांत युनिकोड देवनागरी नीट जुळत नाही.

मजकूर मालकांकडून श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये आला असेल तर कन्व्हर्टरमधून काढल्यावर ऱ्य, र्‍हस्व-दीर्घ वेलांट्या आणि अनुस्वार एकेक करून वाचा. बहुतेक घोळ तिथेच होतो.

ल आणि श मराठी वळणाचे येतात का तेही बघा. कित्येक युनिकोड फाँटमध्ये मूळ आकार हिंदी वळणाचा असतो. अक्षर निवडून भाषा मराठी केली की, फाँटमध्ये सोय असल्यास, आकार बदलतो. टिरो देवनागरी मराठीमध्ये तो आधीपासूनच मराठी आहे, नावासाठी तो चांगला दिसेल. खालच्या माहितीला मुक्ता घ्या, लहान आकारात मोकळा राहतो. ७ पॉइंटखाली जाऊ नका, आणि गडदावर पांढरी अक्षरं असतील तर ८ पॉइंट बोल्ड तरी हवीत. नाहीतर मात्रा, रफार शाईने भरतात.

प्रेसला देताना अक्षरांचे कर्व्ह (फाँट न लागणाऱ्या आकृत्या) करायचेच, पण आधी मजकुराची जिवंत प्रत वेगळी ठेवा. उद्या किंमत बदलली की कर्व्हमधला ५ खरवडत बसावं लागू नये. कर्व्ह केल्यावर प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. कोरलमध्ये इथे कम्बाइन नाही, वेल्ड (सगळे आकार एकसंध करणारी आज्ञा) वापरा. कम्बाइन केलं की जिथे रेघा एकमेकींवर आल्या तिथे पांढरे ठिपके पडतात, स्क्रीनवर दिसत नाहीत इतके बारीक, आणि छपाईत नेमके दिसतात. काचेवर लावायचं व्हिनाइल कापायला देणार असाल तर वेल्डशिवाय प्लॉटर (कापणारं यंत्र) प्रत्येक जोडावर शिरोरेघ तोडतो. अक्षरांतलं अंतरही वाढवू नका, शिरोरेघेत फटी पडतात.

परवाना_आधी

डिझाइन मंजूर करण्याआधी हे बघा. अन्नपदार्थाच्या लेबलवरची बंधनकारक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते, मराठी त्याशिवाय जादा चालते. फक्त मराठीत लेबल केलं तर अडेल. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक १४ अंकी, मोजून घ्या. शाकाहारी चिन्हात हिरव्या चौकोनाची बाजू आतल्या वर्तुळाच्या व्यासाच्या दुप्पट हवी. दर्शनी भाग १०० चौरस सेमीपर्यंत असेल तर व्यास किमान ३ मिमी, त्यापुढे ५०० पर्यंत ४ मिमी. ४ मिमीच ठेवा. ते उत्पादनाच्या किंवा ब्रँडच्या नावाजवळ, आणि कोकमी रंगावर थेट नाही, पांढऱ्या चौकटीत. गडद लालावर हिरवं काळपट दिसतं.

जीआय: सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण चिन्ह वापरायला मालकांची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. प्रमाणपत्राची प्रत हातात आल्याशिवाय फाइलमध्ये टाकू नका, मालकांनी कितीही आग्रह केला तरी.

कुडाळची_रेघ

खूप मदत झाली. टायपिंगचंच होतं, साधा र होता. आता कडा उचलण्याचं आणि बाटलीच्या मागच्या बाजूच्या लेबलवरच्या बारकोडचं सांगा. बारकोड कोकमी रंगात केला तर चालेल का? बाकीच्याशी शोभतो म्हणून.

शाईवाला (रत्नागिरी)

बारकोड काळाच. स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला लालसर पट्ट्या पांढऱ्यासारख्या दिसतात आणि तो वाचतच नाही. नेहमीच्या १३ अंकी बारकोडचा पूर्ण आकार मोकळ्या जागेसह ३७.२९ × २५.९३ मिमी. ८० टक्क्यांच्या खाली नको. दोन्ही बाजूंची मोकळी जागा कापून तिथे पान-फूल काढू नका. ७६ मिमी व्यासाच्या बाटलीवर नेहमीसारखा आडवा बारकोड चालतो. याच लेबलची २०० मिलीची बारीक बाटली पुढे येणार असेल तर बारकोड नव्वद अंशांत फिरवा, पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसल्या पाहिजेत. वळणावर कडेच्या पट्ट्या स्कॅनरला दाटलेल्या दिसतात, फिरवल्यावर ती अडचण राहत नाही.

कडा उचलतात त्याचं मूळ क्रोमो कागदात आहे. वरून फिल्म, खाली कागद: दमट हवेत कागद पाणी पितो आणि फुगतो, फिल्म फुगत नाही, मग लेबल फिल्मच्या बाजूला वळतं. फ्रिजमधल्या बाटलीवर पाणी सुटलं की कापलेल्या कडेतून ते थेट कागदात जातं. पावसाळ्यात विकायचं असेल तर पांढरं पीपी (पॉलिप्रोपिलीन) फिल्म स्टिकर घ्या. थोडं महाग, पण पाण्याचा प्रश्न मिटतो. रंगाचे ते नऊ चौकोन मात्र पुन्हा फिल्मवर काढा, कागदावरचा निकाल तिथे लागू नाही.

कोपरे सरळ काटकोनात ठेवू नका, ३ मिमीची गोलाई द्या. लेबल सुटायला सुरुवात टोकापासून होते. बाटली भरल्यावर काचेवर साखरेचा चिकट थर राहतो, तो ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून, बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच लेबल लावा. मधोमध टेकवून दोन्हीकडे दाबत न्यायचं, आणि फ्रिजमध्ये घालायच्या आधी एक दिवस तसंच ठेवायचं. गोंद पहिल्या दिवसात घट्ट होत जातो.

हिशेब: चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापण्यासाठी जादा छापलेली कड) धरून एक लेबल ८६ × ११६. १३ × १९ इंची शीटवर ३ गुणिले ४, म्हणजे १२ बसतात. १००० ला ८४ शीट, हाफकटच्या (मागचा कागद न कापता फक्त स्टिकर कापण्याच्या) खराबीसाठी ९५ सांगा. उरलेली लेबलं प्लास्टिकमध्ये गुंडाळून सपाट ठेवा, रोल करून नको.

कुडाळची_रेघ

देव बरे करो. फिल्मवर नऊ चौकोन काढायला देतोय, पिवळ्या २० आणि ३५ च्या मध्ये २८ चा एक दहावा घालून.