'मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?'

रानभूल: कालच्या या पोस्टवर बदामांचा पाऊस पाहून राहवलं नाही. काय बिघडलं ते सांगतो. वय ४३. साहेब 'जरा केबिनमध्ये या' म्हणाले की तळहात ओले होतात. जिन्यात चपला वाजल्या की त्या आवाजावरून वडिलांचा राग किती ते मोजायला लागतो. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. ताटात शीत उरलं तर पोटात गोळा येतो, कारण उरलं की पट्टा ठरलेला. फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ९,५०८ जणांच्या उत्तरांवरून दाखवलं, की बालपणी घाव जितके जास्त तितकं पुढे नैराश्य, दारू, हृदयविकारसुद्धा.

कडूकिराईत: मग मी आयसीयूतच हवा होतो! मास्तरांचा निरगुडीचा फोक खाऊन पाढे आले. आता हात लावला तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७. पोरांना सतरापर्यंत पाढे येईनात.

सातबारा: वडिलांनी ७२ चा दुष्काळ पाहिला असणार. माझ्या आईने खडी फोडली, मिलोची भाकरी खाल्ली. शीत सांडलं की ती फटका द्यायचीच. हा ट्रॉमा की अन्नाची किंमत?

कडूकिराईत: मिलो! अमेरिकेतलं गुरांचं खाद्य. त्याच धान्यातून गाजर गवत आलं, अजून बांध मोकळा नाही.

हिशेबी: गाजर गवताची पुण्यातली नोंद १९५६ ची आहे. मिलोवर ढकलू नका.

कडूकिराईत: पुण्यात आलं म्हणजे महाराष्ट्रात आलं का? आमच्याकडे ७२ नंतरच. उपटून बघा, अंगभर खाज सुटली की नोंदी आठवतील.

रानभूल: धागा गवतात गेला. सातबारा, आईच्या पोटातली भीती तुमच्या पाठीवर उतरली. मी तेच म्हणतोय.

सातबारा: आईवर जायचं काम नाही. चौघांना जगवलंय तिने.

हिशेबी: रानभूल, ती आकडेवारी समूहाची. त्यावरून एकट्या माणसाचं भाकीत करू नका, असं खुद्द आंडांनीच २०२० मध्ये बजावलंय.

रानभूल: मान्य. तळहातांना कळवतो.

कडूकिराईत: केबिनचं म्हणाल तर साहेबाला सगळेच घाबरतात. मीही तीस वर्षं घाबरलो. त्यात मास्तरांचा काय संबंध?

सातबारा: आत्ता फ्रीज उघडला. तीन दिवसांच्या शिळ्या भाजीच्या चार वाट्या. टाकवत नाहीत. हे तुमच्या बाजूने धरू नका, रानभूल.

रानभूल: धरलं.

कडूकिराईत: गवतावर उपाय आहे का कुणाकडे?

हिशेबी: मेक्सिकन भुंगे. पावसाळ्यात सोडा.