मदत हवी आहे: नाशिकचा हुकूमनामा लंडनच्या हायकोर्टात नोंदवायचाय

द्राक्षांच्या थकीत पैशांसाठी लंडनच्या खरेदीदाराविरुद्ध भावाला नाशिकच्या दिवाणी न्यायालयातून, वरिष्ठ स्तर, हुकूमनामा मिळालाय. समोरच्याने वकील देऊन कैफियत दिली होती, म्हणजे एकतर्फी नाही. अपिलाची मुदतही संपलीय. परदेशी निकाल तिथे वसुलीसाठी नोंदवण्याच्या इंग्लंडच्या १९३३ च्या कायद्याखाली ६ वर्षांत नोंदणी करता येते. अडलंय शिक्क्यावर. त्याच कायद्याखालच्या, भारतासाठीच्या १९५८ च्या आदेशात, ज्यांचे निकाल नोंदवता येतात त्या न्यायालयांमध्ये जिल्हा न्यायालयाचा थेट उल्लेख आहे. वरिष्ठ स्तराच्या निकालावर मात्र, त्या न्यायालयाच्या आर्थिक अधिकारितेला मर्यादा नाही (म्हणजे कितीही रकमेचा दावा तिथे चालतो), हे दाखवणारा शिक्का लागतो. आमच्या प्रमाणित नकलेवर नेहमीचा गोल शिक्का आहे, तेवढाच. वकीलसाहेबांनाही असं प्रकरण नवीन आहे. भावाची मोठी रक्कम अडकलीय, एवढ्यावरून नोंदणी फेटाळली जायला नको. कुणी असा शिक्का मिळवलाय का? अर्ज त्याच न्यायालयात करायचा, की प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे?