मदत हवी आहे: करारातलं एक इंग्रजी वाक्य दुरुस्त करून द्या (तातडीचं)

कागदमग्न
उद्या सकाळी मसुदा परत द्यायचाय. खालचं वाक्य खटकतंय, पण चूक सापडत नाही. दोन ॲप्समध्ये टाकून पाहिलं, दोन्ही म्हणतात बरोबर आहे.

‘द लेसी शॅल नॉट सबलेट द प्रिमायसेस अँड मेक स्ट्रक्चरल अल्टरेशन्स विदाउट द रिटन कन्सेन्ट ऑफ द लेसर.’

फक्त दुरुस्त वाक्य द्या, प्लीज.

पानगळ
तुम्ही लेसर की लेसी? म्हणजे जागा देताय की घेताय?

कागदमग्न
त्याचा व्याकरणाशी काय संबंध?

शाईदौत
आधी ते ‘शॅल’ काढा आणि ‘मस्ट’ घाला. अमेरिकेतल्या संघीय दिवाणी नियमांची भाषा 2007 मध्ये नव्याने लिहिली, तेव्हा ‘शॅल’ काढून टाकला. कारण तो कुठे सक्ती सांगतो, कुठे नुसता भविष्यकाळ.

जुनाजाणता
असहमत. बाकीच्या कलमांत ‘शॅल’ आणि इथेच ‘मस्ट’ ठेवलात, तर दोन शब्दांचे अर्थ वेगळे आहेत असा वाद समोरचा वकील घालणारच. शिवाय इथे ‘नॉट’ आहे, बंदी स्पष्ट आहे.

शाईदौत
मग सगळीकडे बदला ना!

जुनाजाणता
एका रात्रीत? एखादा ‘शॅल’ नजरेतून सुटला तर निस्तरणार कोण?

बोरूबहाद्दर
रोज अर्धा तास इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचा. वर्षभरात कान तयार होतो. मला फार उपयोग झाला.

पानगळ
त्यांना उद्या सकाळी हवंय हो.

खरी चूक ‘अँड’ची आहे. ‘नॉट’नंतर ‘अँड’ आला की दोन्ही एकदम करायला मनाई, एकेक केलं तर चालेल, असाही अर्थ काढता येतो. तिथे ‘ऑर’ हवा. पण तेवढ्याने भागत नाही. ‘विदाउट कन्सेन्ट’ शेवटी लटकलंय. ते दोन्ही गोष्टींना लागू की फक्त बांधकामातल्या बदलांना? दुसरा अर्थ घेतला तर पोटभाडेकरू संमती घेऊनही ठेवता येणार नाही. म्हणून विचारलं होतं.

अर्धविराम
असाच दोन अर्थांचा घोळ एकदा नसलेल्या स्वल्पविरामाने केला होता, ते आठवलं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम लागू नसलेल्या कामांची यादी होती, तिच्यात ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. त्यावरून एका डेअरीचे ड्रायव्हर कोर्टात गेले. 2017 मध्ये अपिलात निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

बोरूबहाद्दर
आपले मराठी दस्त तरी कुठे सोपे असतात? ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘लिहून देणार’...

जुनाजाणता
त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. इथे काम होऊ द्या.

कागदमग्न
सांगायचं राहिलं, जागा मी घेतोय. पोटभाडेकरू ठेवायची वेळ येऊ शकते, आणि ते संमतीने चालेल असं तोंडी ठरलंय. मसुदा समोरच्यांनी पाठवलाय. सही अजून केलेली नाही.

पानगळ
हे आधी सांगायला हवं होतं! मग संमती वाक्याच्या तोंडाशी आणा, म्हणजे ती दोन्हींना लागू होईल:

‘विदाउट द प्रायर रिटन कन्सेन्ट ऑफ द लेसर, द लेसी शॅल नॉट सबलेट द प्रिमायसेस ऑर मेक स्ट्रक्चरल अल्टरेशन्स.’

‘प्रायर’ मी घातलाय. तो नसेल तर नंतर घेतलेली संमती चालते का, यावर वाद होतो.

जुनाजाणता
वाक्य पक्कं झालं. पण तुम्ही लेसी आहात, तर याला जोडूनच लिहा: ‘सच कन्सेन्ट शॅल नॉट बी अनरीझनेबली विथहेल्ड.’ नाहीतर समोरचा काही कारण न देता नाही म्हणेल आणि तुम्ही अडकाल. सहीआधी वकिलाला मात्र दाखवाच.

शाईदौत
इथेही ‘मस्ट’ चाललं असतं.

कागदमग्न
दोन्ही वाक्यं टाकली. वकीलबाईंना आत्ताच पाठवतोय. मनापासून आभार. शेवटचं एक, पुढच्या कलमात ‘द प्रिमायसेस इज’ आहे. ‘इज’ की ‘आर’?

पानगळ
‘आर’. जागा या अर्थी ‘प्रिमायसेस’ अनेकवचनीच, खोली एक असली तरी.