मर्ल ओबेरॉन: 'पहिली आशियाई' हा मान तिला द्यायचा की नाही?

सायली_प:
२०२३ मध्ये मिशेल योला मुख्य अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं, तेव्हा बातम्यांत एक शेपूट होतं: 'स्वतःला आशियाई म्हणवणारी' पहिली. हे शेपूट हॉलिवूडची जुनी नटी मर्ल ओबेरॉन हिच्यामुळे. १९११ साली आपल्या मुंबईत जन्मलेली, कलकत्त्यात वाढलेली. 'द डार्क एंजल'साठी (१९३५) तिला नामांकन होतं. प्रसिद्धीत मात्र जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाचा! १९७९ मध्ये ती गेली, त्यानंतर खरं बाहेर आलं. माझ्या मते पहिला मान तिचाच, शेपूट छाटा.

खडूस:
असहमत. जिने जन्मभर नाकारलं तिच्या गळ्यात बळेच हार कशाला? पडद्यावर अ‍ॅन बोलिन ही इंग्लंडची राणी आणि इंग्लिश मड्डमा केल्या. तिच्यामुळे मागून येणाऱ्या एका तरी आशियाई नटीची वाट सोपी झाली का?

सायली_प:
मग न लपवणारीचं काय झालं तेही बघा. 'द गुड अर्थ'मध्ये (१९३७) नायक पॉल म्युनी गोरा, म्हणून पडद्यावरची बायकोही गोरीच हवी. अ‍ॅना मे वाँग ही चिनी वंशाची नटी बाजूला राहिली, चिनी शेतकरणीचं काम लुइझ रायनरला, वर ऑस्करही तिलाच. त्याआधी १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने थिंद खटल्यात भारतीयांना नागरिकत्व नाकारलेलं. अशा देशात मर्लने खरं सांगून काय मिळवलं असतं?

रीळमास्तर:
सगळे जन्मदाखल्यावरच भांडताय, कामाचं कुणी बोलेना. मला ती मध्यमच वाटते. 'वुदरिंग हाइट्स'साठी (१९३९) नायक ऑलिव्हिएला नामांकन, जेराल्डिन फिट्झजेराल्डला नामांकन, नायिकेला ठेंगा! चेहरा मात्र लाखात एक. १९३७ च्या मोटार अपघातात त्यावर व्रण आले, चालू असलेला 'आय, क्लॉडियस' गुंडाळावा लागला. पुढे 'द लॉजर'च्या (१९४४) वेळी कॅमेरामन ल्यूशियन बॅलार्डने लेन्सला अगदी खेटून एक छोटा दिवा बसवला. उजेड नाकासमोरून येतो, खाचखळग्यांत सावली धरत नाही, व्रण दिसणार कुठून? त्या दिव्याला 'ओबी' नाव पडलं, आणि दोघांचं लग्नही झालं. तिची खरी देणगी हा दिवाच म्हणा हवं तर :)

अनुजा:
मास्तर, फारच झालं हे. 'दीज थ्री' (१९३६) पाहिलात? शाळा चालवणाऱ्या दोन मैत्रिणींवर एक आगाऊ पोरगी खोटा आळ घेते. मिरियम हॉपकिन्सपुढे मर्ल आवाज न चढवता उभी राहते. आणि 'वुदरिंग हाइट्स'मध्ये कॅथीला (म्हणजे मर्लला) मरताना हीथक्लिफ उचलून खिडकीशी नेतो, तिथे माझी नजर तरी ऑलिव्हिएवर नसते.

खडूस:
काम बरं होतं, मान्य. पण १९७८ मध्ये टास्मानियातच, होबार्टला तिचा सत्कार ठेवला, तिथूनही ती तब्येतीचं कारण सांगून निघून गेली. तेव्हा तर स्टुडिओचा धाक नव्हता. मग का नाही बोलली?

सायली_प:
चाळीसेक वर्षं एकच गोष्ट सांगितल्यावर साठी उलटलेल्या बाईने ती सत्काराच्या मंचावर मोडायची? तुम्हीच सांगा. आणि नामांकन अभिनयाला होतं, कबुलीजबाबाला नव्हे.

खडूस:
मग आशियाई म्हणून तरी का मोजताय? निव्वळ नटी म्हणून मोजा.

रीळमास्तर:
खडूसशी सहमत. अनुजा, 'दीज थ्री' बघतो आणि येतो भांडायला.