गेमिंगचा अभ्यास नागपुरातच करा, ब्रिटनच्या मुलांवरून इथल्या घरांचा निकाल लावू नका

तर्रीपोहे
गेममुळे मुलं बिघडतात का, यावर घराघरांत भांडणं होतात आणि दोन्ही बाजूंकडे दाखवायला असतं ते बाहेरचं संशोधन. 2019 साली प्रिझबिल्स्की आणि वाइनस्टीन यांनी 14-15 वर्षांची साधारण हजार ब्रिटिश मुलं आणि त्यांचे पालक यांच्यावर अभ्यास केला. गेम हिंसक आहे की नाही हे मुलांना न विचारता अधिकृत रेटिंगवरून ठरवलं. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध सापडला नाही. अभ्यास नेटका आहे, मला पटतो. पण नागपूरच्या नंदनवन भागातला मुलगा आई स्वयंपाकात असेपर्यंत तिच्याच मोबाइलवर फ्री फायर हा गोळीबाराचा गेम खेळतो. त्याच फोनवर शाळेचा ग्रुप, त्याच फोनवर युपीआय. त्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा कसा लावायचा? आपल्या विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आणि मेडिकल कॉलेजचा मनोविकार विभाग यांनी मिळून मुलांच्या एकाच गटाचा काही वर्षं पाठपुरावा करावा, ही माझी मागणी.

मानेवाड्याची आई
तुमचा अभ्यास होईस्तोवर माझ्या मुलाची दहावी निघून जाईल. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर आजारांच्या यादीत घेतला, 1 जानेवारी 2022 पासून ती यादी लागू आहे. आणखी काय सिद्ध करायचं राहिलं? चीनने 2021 मध्ये अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार फक्त एकेक तास दिला. तसं इथे करा.

समुपदेशक_धरमपेठ
ताई, त्या व्याख्येत तासांचा आकडाच नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण 12 महिने चालणं, असे निकष आहेत. परीक्षेच्या तोंडावर महिनाभर फोनला चिकटलेला मुलगा त्यात बसेलच असं नाही. त्याला झोप आणि वेळापत्रक लागेल. खरंच ताबा सुटलेल्या मुलाला मात्र उपचार हवेत. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2014 पासून त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे.
चीनबद्दलही सांगते. 2021 च्या आधी, 2019 मध्येही तिथे निर्बंध आले होते. त्यांची तपासणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि अति खेळणं कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

मानेवाड्याची आई
पुरावा मिळाला नाही म्हणून मी रात्री एक वाजता फोन हातात राहू देऊ का? घरातला नियम आणि सरकारचा नियम यांत फरक आहे.

स्क्वॉड_इतवारी
तुम्ही सारे आमच्याबद्दल असं बोलून राहिले जसे आम्ही पेशंटच आहो. मी बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमचे स्क्रिम, म्हणजे टीमांचे सराव सामने, खेळतो, आमच्या टीममध्ये आयजीएल, म्हणजे मॅचमध्ये डाव ठरवणारा कॅप्टन, आहे, वेळेवर प्रॅक्टिस असते. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्सले, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांले, बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता देली. 2018 च्या जकार्ता आशियाईत तीर्थ मेहतानं हार्थस्टोन या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये कांस्य आणलं, जरी तो प्रदर्शनीय प्रकार होता. आपल्या दिव्या देशमुखनं 2025 मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तं नागपूर नाचलं. त्याच वर्षी रियाधच्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकात बुद्धिबळही होतं. मग आमच्यावर संशोधन फक्त व्यसनाचंच काहून?

सदरवाला
बुद्धिबळ कोणी बंद करू शकत नाही. बीजीएमआय जुलै 2022 मध्ये ॲप स्टोअरवरून गेलं, मे 2023 ला परतलं. त्या दहा महिन्यांत तुझ्यासारख्यांनी काय केलं? ज्याचा पट एक कंपनी कधीही उचलून नेऊ शकते, त्यावर विसाव्या वर्षी आयुष्य लावायचं का? विद्यापीठाने हे तपासावं: किती जण कॉलेज सोडतात, कमाई किती जणांना होते, नंतर कुठे जातात. व्यसनावर बोलणारे पुष्कळ आहेत, या पोरांच्या रोजगारावर कोणी बोलत नाही. आणि पैसा लावून खेळायचे ॲप तर वेगळंच प्रकरण. 2025 च्या कायद्याने त्यांवर बंदी आली हे बरं झालं, पण ती सवय लागलेले लोक आता कुठे वळले हेही पाहायला हवं.

तर्रीपोहे
सदरवाल्यांचा प्रश्न मी मागणीत घालतो, तो माझ्या प्रश्नाइतकाच मोठा आहे. आईंचं रात्रीचं म्हणणंही खरं आहे, म्हणून झोप मोजावीच लागेल. पण "किती तास खेळतोस" एवढं विचारून भागणार नाही, माणसं अंदाजे सांगतात. 2022 च्या ऑक्सफर्डच्या अभ्यासात सात गेमच्या कंपन्यांकडून जवळपास 39,000 खेळाडूंच्या खेळण्याची प्रत्यक्ष नोंद घेतली. खेळण्याच्या वेळेचा मनःस्वास्थ्यावर परिणाम जवळजवळ नाहीच, असं निघालं. तेही इंग्रजी बोलणाऱ्या देशांतले लोक. इथे कंपनीने नोंद दिली नाही तर पालकांची आणि मुलाची दोघांची संमती घेऊन फोनमधला स्क्रीन टाइम पाहता येईल. फोन सामायिक असेल तर कोण कधी खेळलं याची वही घरातच ठेवावी लागेल.

स्क्वॉड_इतवारी
माह्या मॅच हिस्टरीचे स्क्रीनशॉट मी द्यायले तयार आहो. फक्त प्रश्नावली बनवताना आमच्यातले दोघंतिघं सोबत बसवा. रँक पुश, म्हणजे रँक वाढवायले खेळणं, आणि स्क्रिम यातला फरक ज्याले माहीत नाही, तो दोन्हीले टाइमपासच लिहीन.