शांघायची 'आयी': मावशी, काकू की बाई?

नवऱ्याच्या नोकरीमुळे दीड वर्ष शांघायला आहोत. आल्यावर पहिले काही दिवस मी सारखी मागे वळून बघायची. लिफ्टमध्ये, बागेत, भाजीबाजारात कुणाचं ना कुणाचं पोर 'आयीऽ' म्हणून हाक मारत असायचं आणि मला वाटायचं, आपलंच कार्टं. ही 'आयी' म्हणजे आई नव्हे, आईच्या वयाची कुठलीही बाई. शेजारीण आयी, घरकामाला येते तीही आयी. आईला म्हणतात 'मामा'. 'बाबा' तेवढे जागच्या जागी आहेत! आता माझी लेक मला 'आई' म्हणते तेव्हा बागेतल्या पोरांना वाटतं, ही आपल्या आईला मावशी म्हणते. आणि व्हिडिओ कॉलवर माझ्या भावाला तिने 'मामाऽ' केलं की आमची आयी चमकून बघते.

तर प्रश्न असा. इथल्या दिवसांबद्दल मराठीत लिहिते आहे. 'आयी'ला काय म्हणू? मावशी, काकू, की सरळ बाई?

— मावशीच, अगदी शब्दाला शब्द. मूळ शब्द 'यी', म्हणजे आईची बहीण. पुढचा 'आ' हा नात्यांना आणि नावांना लागणारा लाडाचा उपसर्ग, दक्षिणेकडे जास्त ऐकू येतो. आपल्या 'आई'शी काही संबंध नाही, आणि आपली मावशी आली 'मातृष्वसा'वरून. पण वाटणी बघा कशी जुळते: आईची बहीण 'यी', बापाची बहीण 'कू', आईचा भाऊ 'च्यौ'. इंग्रजीसारखी एकाच आंटीत सगळ्यांची बोळवण नाही. उलट ते आपल्याही पुढे, वडिलांचा थोरला भाऊ वेगळा आणि धाकटा वेगळा. आपण दोघांनाही काकाच म्हणतो. भावंडांत मात्र 'थांग' म्हणजे चुलत, आणि आते-मामे-मावस सगळी एकाच 'प्याओ'त. ज्यांचं आडनाव आपलं ती आतली, बाकीची बाहेरची, असा तो हिशेब.

— घरकामाच्या बाईंना आपणही मावशीच म्हणतो की. पण परक्या बाईला आत्या म्हणून हाक मारलेली ऐकली आहे का कुणी? चिनीत म्हणतात का?

— सहसा नाही. तिथेही परक्यांच्या वाट्याला 'यी'च येते, 'कू' नाही. कारण काय ते भाषाशास्त्रज्ञ सांगोत. मला आपलं वाटतं, आत्या म्हटलं की मानपान आला, बारशाला नाव ठेवण्याचा हक्क आला. आणि म्हणच आहे, 'माय मरो पण मावशी जगो'. आत्याबद्दल असं कोण म्हणेल?

— मूळ प्रश्नकर्तीला एक सावधगिरीची सूचना. भेटेल तिला आयी म्हणू नका. मी फळवालीला म्हटलं होतं, असेल तिशीची. संत्री मिळाली, पण हसू गेलं ते गेलंच. आपल्याकडे कॉलेजातल्या मुलाने एखादीला पहिल्यांदा 'काकू' म्हटल्यावर होतं तेच. म्हणून दुकानात, हॉटेलात हल्ली 'मेइन्यू' म्हणतात, म्हणजे सुंदरी! पुण्यात वाढपी मुलीला 'ए सुंदरी' म्हणून पाहा, बिलाआधी पोलीस येतील. तिथे मात्र ते इतकं घासून गुळगुळीत झालंय की कुणी वळूनही बघत नाही.

— पूर्वी 'श्याओच्ये' म्हणत ना, म्हणजे कुमारी, मिस वगैरे?

— म्हणत. पण चीनच्या मुख्य भूमीवर त्या शब्दाला वेश्येचा वास लागला, म्हणून नुसतं तेवढंच म्हणून हाक मारणं टाळतात. आडनाव जोडलं की चालतं, तैवानमध्ये तर आजही सभ्य. आपल्या 'बाई'ची घसरण एवढी वाईट नाही, तरी बघा: अहिल्याबाईंतली बाई, शाळेतल्या बाई आणि 'आमची बाई आज आली नाही' यातली बाई. शब्द एकच, पायऱ्या तीन. म्हणून पर्यायांतून 'बाई' आधी काढून टाका.

— टॅक्सीवाल्याला 'शिफू' म्हणतात ना? मराठीत काय करणार? मी कोल्हापूरचा, मला एकच शब्द सुचतो: वस्ताद. कुस्ती शिकवतो तो वस्ताद, कुंगफू शिकवतो तो शिफू.

— अर्थ बरोबर, पण नळ दुरुस्त करायला येतो तोही शिफूच. त्याला वस्ताद म्हटलं तर वाचकाला वाटेल चावट माणूस दिसतोय. सुताराला मिस्त्री, शिंप्याला मास्तर, टॅक्सीवाल्याला दादा, असं जागा बघून करावं लागेल. हातात कसब असलेल्या सगळ्यांना पुरेल असा मानाचा एकच शब्द आपल्याकडे नाही, हे खरं.

— (मूळ प्रश्नकर्ती) सगळ्यांचे आभार. घरकामाच्या आयीला मावशी करते. बागेतल्या बायकांना आयीच ठेवते, नाहीतर तो आई-आयीचा घोळ वाचकाला कळणारच नाही. शिफू तूर्त शिफू. खरी पंचाईत काकांची आहे. बापाच्या वयाच्या परक्या पुरुषाला इथली मुलं 'शूशू' म्हणतात, आपण पोलीसकाका म्हणतो तसं पोलिसालाही शूशूच. 'गेटवरच्या शूशूंना नमस्कार कर' म्हटलं की लेक तोंडावर हात ठेवून खिदळत पळते. ते बिचारे रोज हात हलवतात.